नेहमीचा समुद्र ओळखणे

मी भारतीय नौदलात तीन दशकांहून अधिक काळ अधिकारी होतो आणि त्यातला पहिला मोठा कालखंड विमानात गेला, पण मी पायलट नव्हतो. निवृत्तीनंतर हर्णैला येऊन राहिल्यापासून दापोली-मंडणगड भागातल्या शाळा-महाविद्यालयांतून बोलावणे येते, तेव्हा हे ऐकून मुलांचे चेहरे जरा उतरतात. मग विमानात बसून तुम्ही करत काय होता, हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. त्यानंतर कुणीतरी विचारतेच, की समुद्रावरच्या विमानातला माणूस दिल्लीत बसून उपग्रहांची छायाचित्रे पाहायला आणि पुढे गुप्तवार्तेच्या कामाला कसा लागला. तासाभराच्या भाषणात याचे उत्तर नीट देता येत नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहितो आहे. जे गोपनीय आहे ते अर्थातच यात नाही, आणि मला जे सांगायचे आहे त्यासाठी त्याची गरजही नाही.

नौदलाच्या टेहळणी विमानात पायलटच्या पाठीमागे, केबिनमध्ये, पडद्यांसमोर बसणारे अधिकारी असतात. त्यांना ऑब्झर्व्हर म्हणतात. त्यांचे प्रशिक्षण कोचीच्या आयएनएस गरुड या तळावर होते. ११ मे १९५३ रोजी सुरू झालेला हा नौदलाचा पहिला हवाई तळ. विमान सुरक्षित उडवणे हे पायलटचे काम. पण समुद्राच्या कोणत्या पट्ट्यात शोध घ्यायचा, रडार केव्हा चालू करायचे आणि केव्हा मुद्दाम बंद ठेवायचे, दिसलेल्या जहाजाजवळ किती खाली जायचे, पाणबुडीचा संशय आला तर ध्वनी टिपणारे सोनोबॉय कोणत्या आकृतीत टाकायचे, हे सगळे ऑब्झर्व्हर ठरवतो. माझी उमेदीची वर्षे गोव्यात दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर, आयएल-३८ या विमानात गेली. सोव्हिएत बनावटीचे, चार टर्बोप्रॉप इंजिनांचे, शेपटीच्या मागे लांब दांडा असलेले हे विमान १९७७ साली आपल्या नौदलात आले आणि ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी निवृत्त झाले. त्या दांड्यात चुंबकीय क्षेत्रातला सूक्ष्म फरक मोजणारे उपकरण असते. पाण्याखालच्या पाणबुडीचे पोलाद त्या फरकातून आपली जागा सांगते. विमानाच्या स्वतःच्या धातूचा आणि विजेच्या यंत्रणेचा परिणाम मोजणीवर होऊ नये म्हणून ते शक्य तितके मागे, बाहेर काढून बसवलेले असते.

या विमानाविषयी लिहिताना १ ऑक्टोबर २००२ या तारखेचा उल्लेख टाळता येणार नाही. आमच्या तुकडीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, संचलनाच्या उड्डाणात, दोन आयएल-३८ दाबोळीजवळ आकाशात एकमेकांवर आदळली आणि दोन्ही विमानांतले मिळून १२ जण गेले. मी तेव्हा दिल्लीत होतो. त्यांच्यातल्या काहींबरोबर मी उड्डाणे केली होती. आजही ऑक्टोबर उजाडला की त्यांच्या आठवणीने मन जड होते.

दाबोळीहून उत्तरेकडे निघालेले विमान वेंगुर्ला, मालवण, देवगड, रत्नागिरी असा किनारा उजव्या हाताला ठेवून जायचे. पावसाळी मासेमारीबंदी उठली आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून झाला, की दोन महिने जवळजवळ रिकामा असलेला रडारचा पडदा एकदम ठिपक्यांनी भरून जायचा. नवख्या अधिकाऱ्याला ते सगळे ठिपके सारखेच दिसतात. मला मात्र ते पहिल्यापासून वेगवेगळे दिसत, याचे श्रेय प्रशिक्षणाइतकेच हर्णै बंदराला आहे. ट्रॉलर जाळे ओढत असतो तेव्हा तो सावकाश, माणसाच्या चालीने, बराच वेळ सरळ जातो आणि मग वळून जवळपास त्याच वाटेने परत येतो. डोल जाळ्यावरची होडी जागा सोडत नाही. फक्त भरती-ओहोटीबरोबर तिचे तोंड फिरते. वाहते जाळे सोडलेली बोट प्रवाहाबरोबर आपसूक सरकत राहते. पर्ससीनवाले, म्हणजे गोल घेरणारे जाळे टाकणारे, माशांचा थवा दिसताच वेगाने गोल फिरतात आणि मग बराच वेळ एकाच जागी थांबतात. मालवाहू जहाज या कशाचीही पर्वा न करता आपल्या मार्गाने सरळ जात असते. हे सगळे लहानपणी धक्क्यावर ऐकलेले आणि वडीलधाऱ्या तांडेलांबरोबर, म्हणजे बोटीच्या प्रमुखांबरोबर, जाऊन पाहिलेले होते. म्हणून ज्या ठिपक्याची चाल यांपैकी कशातच बसत नाही तो लगेच डोळ्यांत भरायचा: जाळे ओढण्याजोग्या खोलीच्या पलीकडे रात्रभर इंजिन बंद करून थांबलेला, किंवा सगळी बोटवस्ती बाहेर निघालेली असताना एकटाच किनाऱ्याकडे येणारा.

माझ्या मते टेहळणीचे मर्म इथेच आहे. संशयास्पद गोष्ट शोधायला निघालेल्या माणसाला सगळेच संशयास्पद वाटू लागते आणि तो दुपारपर्यंत थकून जातो. ज्याला नेहमीचा दिवस पक्का माहीत आहे, त्या दिवसाचे ऋतूप्रमाणे, वाऱ्याप्रमाणे, सणवाराप्रमाणे बदलणारे रूप माहीत आहे, त्याला वेगळे काही शोधावे लागत नाही. पुढच्या नोकरीत साधने बदलत गेली, काम मात्र हेच राहिले.

१९९३ सालच्या सुरुवातीला आमच्या उत्तरेला, रायगड जिल्ह्यातल्या शेखाडी आणि दिघीच्या किनाऱ्यावर स्फोटके आणि शस्त्रे उतरवली गेली, आणि १२ मार्चला मुंबई हादरली. २५७ माणसे मेली. कोकणातल्या प्रत्येकाला हा इतिहास ठाऊक आहे. तो माल समुद्रातून आला, पण केवळ समुद्रावर नजर नव्हती म्हणून आला असे म्हणणे अपुरे आहे. पुढे दहशतवादविरोधी टाडा कायद्याखालच्या न्यायालयाने सीमाशुल्क आणि पोलीस खात्यांतल्या काही जणांनाही दोषी ठरवले. म्हणजे साखळी किनाऱ्यावर, जमिनीवर तुटलेली होती. त्याच वर्षी ऑगस्टपासून महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्यावर ‘ऑपरेशन स्वान’ या नावाने नौदल, तटरक्षक दल आणि राज्य यंत्रणा यांची संयुक्त गस्त सुरू झाली. ती आवश्यकच होती. पण माहिती मिळणे आणि ती प्रामाणिक हातात पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा माझ्या मनावर जे कोरले गेले ते कायमचे.

कारगिलच्या युद्धानंतर देशाच्या गुप्तवार्ता व्यवस्थेची झाडाझडती झाली. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने अहवाल दिला, त्यावर मंत्रिगटाने विचार केला आणि २००२ साली तिन्ही दलांची संयुक्त अशी संरक्षण गुप्तवार्ता संस्था उभी राहिली. त्याच सुमारास माझी बदली दिल्लीला झाली आणि विमानाच्या जागी उपग्रह आला. लष्कराच्या दृष्टीने अंतराळाचे काम म्हणजे अग्निबाण सोडणे नव्हे. ते काम इस्रोचे. आमचे काम होते उपग्रहाकडून नेमके काय हवे आहे ते ठरवणे, आलेली छायाचित्रे वाचणे आणि त्यातून निघालेली माहिती जहाजावरच्या कॅप्टनला समजेल अशा भाषेत वेळेवर पोहोचवणे.

छायाचित्र वाचणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण देतो. १९९५ च्या आयआरएस-१सी या उपग्रहाच्या कॅमेऱ्याची क्षमता सुमारे ५.८ मीटर होती, म्हणजे चित्रातला एक ठिपका खालचे तेवढे अंतर व्यापायचा. याचा अर्थ, हर्णैच्या धक्क्यावरचा पंधरा मीटर लांबीचा ट्रॉलर त्या छायाचित्रात जेमतेम दोन-तीन ठिपक्यांचा दिसेल. तिथे काहीतरी आहे, एवढेच कळते. ऑक्टोबर २००१ मध्ये सोडलेल्या टीईएस या उपग्रहाने ही क्षमता १ मीटरपर्यंत आणली, म्हणजे त्याच ट्रॉलरचा नाळेकडचा निमुळता आकार आणि केबिनची जागा ओळखता येऊ लागली. जानेवारी २००७ मध्ये कार्टोसॅट-२ आला आणि चित्र आणखी स्पष्ट झाले. तरीही अशा उपग्रहाची मोठी मर्यादा तशीच राहिली. तो पृथ्वीभोवती सुमारे दीड तासाला एक फेरी मारतो, पण प्रत्येक फेरी आपल्या डोक्यावरून जात नाही, आणि जेव्हा जाते तेव्हा ठरलेल्या वेळीच जाते. गावात येणाऱ्या मुक्कामी एसटीची वेळ जशी सगळ्यांना पाठ असते, तशी ही वेळही ज्याला लपायचे आहे त्याला गणित करून काढता येते. विमान आज इकडून तर उद्या तिकडून जाऊ शकते, हवे तेव्हा मागे फिरू शकते, उपग्रहाला ते जमत नाही. म्हणून उपग्रह आल्यावर विमान कालबाह्य झाले असे जे सरसकट म्हटले जाते, ते मला कधीच पटले नाही.

दुसरी अडचण आपल्या कोकणातल्या माणसाला वेगळी सांगायला नको. जून ते सप्टेंबर या किनाऱ्यावर ढगांचे छप्पर असते आणि साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला खालचे काहीही दिसत नाही. मुंबईवरच्या २००८ च्या हल्ल्यानंतर, २० एप्रिल २००९ रोजी सोडलेल्या रिसॅट-२ ने ही उणीव भरून काढायला सुरुवात केली आणि २६ एप्रिल २०१२ रोजी स्वदेशी रडार असलेला रिसॅट-१ गेला. या उपग्रहांतले रडार स्वतःच लहरी पाठवते आणि परतलेल्या लहरींतून चित्र उभे करते, त्यामुळे रात्र असो की ढग, त्याला फरक पडत नाही. पण हे चित्र वाचायला वेगळी नजर लागते. शांत समुद्र त्यात काळा दिसतो, कारण गुळगुळीत पाण्यावरून लहरी दुसरीकडेच परावर्तित होतात. जहाज मात्र चमकते, कारण त्याचे कोन आणि उभ्या भिंती लहरी थेट परत पाठवतात. समुद्र खवळलेला असेल तर सगळे पाणीच चमकू लागते आणि लहान होडी त्या चकाकीत बुडून जाते. त्यातली एक गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटत आली. उपग्रहाच्या दिशेने किंवा त्याच्यापासून दूर जाणारे जहाज चित्रात आपल्या खऱ्या जागेवरून बाजूला सरकलेले दिसते. त्याच्या मागे पाण्यावर उमटलेली रेघ एकीकडे असते आणि जहाज दुसरीकडे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला चित्र बिघडले असे वाटते. पण हे सरकणे जहाजाच्या वेगामुळेच होते, त्यामुळे ते अंतर मोजून वेगाचा अंदाज बांधता येतो. एका स्थिर चित्रातून चालत्या जहाजाचा वेग काढताना मला रडारच्या पडद्यासमोरचे जुने दिवस आठवायचे. ठिपक्याच्या चालीवरून त्याचा हेतू ओळखण्याचे तेच काम इथे वेगळ्या गणिताने होत होते.

३० ऑगस्ट २०१३ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून जीसॅट-७ हा उपग्रह गेला. नौदलात तो ‘रुक्मिणी’ या नावाने ओळखला जातो. हा छायाचित्रे घेत नाही, संदेश वाहून नेतो. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर तो ७४ अंश पूर्व रेखांशाशी स्थिर असतो, म्हणजे जवळपास आपल्या कोकण किनाऱ्याच्याच रेखांशावर. हर्णैच्या वाळूत उभे राहून दक्षिणेकडे तोंड केले आणि मान बरीच वर उचलली, तर नजर त्याच्याच दिशेने जाते. आमच्या तरुणपणी विमानातून पाठवायचा संदेश आधी सांकेतिक भाषेत लिहावा लागे, मग उच्च कंप्रतेच्या रेडिओवर खरखरीतून तो तळाला कळवावा लागे, आणि पलीकडे तो उलगडेपर्यंत जहाज कितीतरी पुढे गेलेले असे. रुक्मिणीमुळे दूरदूरची जहाजे आणि विमाने एकच चित्र एकाच वेळी पाहू लागली. २०१४ च्या मोठ्या नौदल सरावात सुमारे ६० जहाजे आणि ७५ विमाने तिच्यामार्फत जोडली गेली होती. माझ्या कारकिर्दीतला सर्वात मोठा बदल कोणता असे कुणी विचारले, तर मी कॅमेऱ्यांचे नाव घेणार नाही, रुक्मिणीचे घेईन. पाहणे आम्हाला आधीही येत होते. पाहिलेले वेळेत सांगणे येत नव्हते.

गुप्तवार्तेचे काम बाहेरून जितके रोमांचक वाटते तितके ते नसते. त्यात बहुतेक वेळ वाचन, टाचणे आणि तपासणी यांत जातो. तिथे मी जी एक शिस्त शिकलो ती प्रत्येक नागरिकाला यावी असे मला मनापासून वाटते. ब्रिटिश नौदलात घडलेल्या आणि पुढे जगभर पसरलेल्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक माहितीला दोन श्रेणी दिल्या जातात: अक्षराने स्रोत किती विश्वासार्ह आहे ते दाखवायचे आणि आकड्याने ती विशिष्ट माहिती किती खात्रीची आहे ते. या दोन श्रेणी एकमेकींपासून स्वतंत्र ठेवायच्या. अत्यंत भरवशाचा माणूसही एखादे वेळी ऐकीव गोष्ट सांगू शकतो, आणि ज्याच्यावर आपला विश्वास नाही असा माणूसही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले खरे सांगू शकतो. माणसाच्या प्रतिष्ठेवरून माहितीची किंमत ठरवली, की घात होतो.

२००८ च्या नोव्हेंबरमध्ये दहा हल्लेखोर गुजरातची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट ताब्यात घेऊन, तिच्या तांडेलाचा खून करून मुंबईपर्यंत आले. त्यांनी मासेमारी बोटच निवडली, कारण त्या ऋतूत तशा हजारो बोटी समुद्रावर असतात. नेहमीच्या समुद्राचे ज्ञान त्यांनाही होते, असे मला खेदाने म्हणावे लागते. कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ ते उतरले तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांना पाहिले होते, हटकलेही होते. त्यानंतर बरेच काही उभे राहिले. किनाऱ्यावर रडारची साखळी आली, मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली, सागरी पोलीस ठाणी वाढली, आणि २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये गुरुग्रामला सगळीकडची माहिती एकत्र आणणारे केंद्र सुरू झाले. मोठ्या जहाजांवर आपली ओळख आणि जागा सतत सांगणारी एआयएस यंत्रणा सक्तीची आहेच. प्रश्न राहतो तो लहान बोटींचा. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला १ लाख मासेमारी बोटींवर इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपाँडर बसवण्याची योजना सुरू झाली. बोट संकटात असेल तर संदेश पाठवता यावा आणि वादळाची सूचना बोटीपर्यंत पोहोचावी, असा तिचा हेतू आहे. २००९ च्या नोव्हेंबरमधल्या फयान वादळात कोकणातली जी घरे उघडी पडली, त्यांना या सूचनेचे मोल मी सांगायला नको.

एवढे असूनही १८ ऑगस्ट २०२२ रोजी, आमच्यापासून उत्तरेला बाणकोटची खाडी ओलांडली की लागणाऱ्या हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला ‘लेडी हान’ नावाची एक रिकामी नौका लागली आणि तिच्यात तीन एके-४७ रायफली सापडल्या. ओमानच्या बाजूला संकटात सापडून खलाशांनी सोडून दिलेली ती नौका पावसाळी वाऱ्या-प्रवाहाबरोबर अरबी समुद्र ओलांडून आली होती; घातपाताचा तो प्रकार नव्हता. पण खवळलेल्या समुद्रात, ढगांच्या खाली, इंजिन बंद असलेली आणि एआयएस नसलेली लहान वस्तू शोधणे किती अवघड असते, ते तिने दाखवून दिले. ती किनाऱ्याजवळ आली तेव्हा लक्षात आली ती स्थानिक लोकांच्या.

म्हणून मच्छीमाराला सुरक्षेच्या साखळीतला शेवटचा दुवा म्हणणे मला मान्य नाही; तो पहिला दुवा आहे. तरीही त्याला मिळणारी वागणूक अनेकदा याच्या उलट असते. आमच्या भागातल्या एका तांडेलाने अनोळखी बोटीची खबर द्यायला एका कार्यालयात फोन केला, तेव्हा त्यालाच कागदपत्रे घेऊन बोलावले, दिवसभर बसवून ठेवले आणि त्याच त्या प्रश्नांची उत्तरे पुन्हा पुन्हा घेतली. बर्फात ठेवलेली मासळी खराब झाली, लिलाव चुकला, आणि पुढच्या वेळी काही दिसले तरी आपण गप्प बसणार, असे त्याने मला तोंडावर सांगितले. मला त्याचा राग आला नाही. ज्या अधिकाऱ्याने त्याला बसवून ठेवले त्याने एका दुपारी जे गमावले, ते परत मिळवायला कितीतरी वर्षे लागतील. खबर देणाऱ्याचे म्हणणे बोटीवर किंवा धक्क्यावर जाऊन ऐकावे, काय पाहिले आणि काय वाटले हे वेगवेगळे लिहून घ्यावे, आणि पुढे त्या खबरीचे काय झाले ते त्याला शक्य तेवढे कळवावे. याला पैसा लागत नाही. निवृत्तीनंतर जिथे जिथे संधी मिळते तिथे हे मी सांगत असतो, आणि सांगत राहणार आहे.

आता मुलांच्या प्रश्नाकडे वळतो. या वाटेला यायचे असेल तर बारावीला गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र सोडू नका. नौदल आणि हवाई दलासाठी एनडीएमार्फत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीमार्फत, जायला ते विषय लागतात, आणि ही प्रवेश परीक्षा वर्षातून दोनदा होते. २०२२ पासून मुलीही एनडीएत जातात, आणि नौदलाच्या टेहळणी विमानांत महिला ऑब्झर्व्हर २००९ पासून काम करत आहेत, तेव्हा हर्णै-पाजपंढरीच्या मुलींनी हे आपल्यासाठी नाही असे मुळीच समजू नये. आयएल-३८ आता नसले, तरी दाबोळीवरून २०२२ पासून पी-८आय विमानांची तुकडी उडते आणि तिच्यातही पडद्यांसमोर बसणारी माणसे लागतातच. आणि ज्यांच्या घरी बोट आहे त्यांना एक जादा सूचना: सुट्टीत वडिलांबरोबर समुद्रावर जाल तेव्हा एक वही न्या, आणि दिसलेली प्रत्येक बोट, तिची वेळ, दिशा आणि ती काय करत होती ते लिहा. अशी वही घेऊन कुणी आले, तर ती तपासायला मला आनंद वाटेल. संध्याकाळी लिलाव आटोपला की मी बहुधा बंदरावरच असतो.